मेंदूतली गाठ खानदानातून येते का?



उन्हाळ्यातल्या जुलाब-उलट्यांवर लिहायचं मी मागच्या अंकात कबूल केलं होतं. ते पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह. मध्येच एक घर असं भेटलं, की त्यांचा प्रश्न बाजूला ठेवून ओआरएसच्या पुड्यांबद्दल लिहिणं जमेना.

सेवाग्रामच्या रस्त्याला माझा छोटा दवाखाना आहे. दुपारची गर्दी ओसरली की कधीकधी कुणी तब्येत दाखवायला नाही, नुसतं विचारायला येतं. त्या भाभी तशाच आल्या. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत एमआरआयच्या फिल्मा, डिस्चार्ज कार्डं आणि रबरबँड लावलेली पावत्यांची गड्डी. त्यांच्या शोहरांना मेंदूत गाठ झाली होती. वय ५३. ऑपरेशन झालं, रेडिएशन म्हणजे आपल्याकडे सिकाई म्हणतात ती झाली, किमोच्या गोळ्या झाल्या. तेरा महिन्यांनी ते गेले. इद्दत संपूनही आता काही महिने झालेत.

पण भाभी त्यांच्याबद्दल बोलायला आल्याच नव्हत्या. थोरली मुलगी बी.एड. झाली आहे, शाळेत शिकवते. तिचा रिश्ता ठरत आला होता. मुलाच्या फुफींनी चहा घेता घेता विचारलं, मुलीच्या अब्बांना नेमकं काय झालं होतं? उत्तर ऐकून त्या गप्प झाल्या. दोन दिवसांनी निरोप आला, जरा विचार करून सांगतो. मधल्या माणसाकडून कळलं ते असं: बापाला डोक्याचा कॅन्सर, त्यात आईबाप चचेरे भाऊबहीण, म्हणजे हे खानदानातच असणार. आज बाप, उद्या मुलगी, परवा तिची मुलं.

"डॉक्टर बाजी, एक चिठ्ठी लिहून द्या," भाभी म्हणाल्या. "मुलगी तंदुरुस्त आहे, एवढंच."

अशी चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागतात. मी ती त्या दिवशी लिहिली नाही. भाभींना थोडा रागही आला असावा. पण बायोप्सीचा रिपोर्ट न वाचता लिहिलेल्या चिठ्ठीला फुफींनी तरी का मानावं? मी पिशवी ठेवून घेतली आणि त्यांना दोन दिवसांनी यायला सांगितलं.

रिपोर्टच्या तळाशी निदान होतं: ग्लिओब्लास्टोमा, आयडीएच वाइल्डटाइप. मेंदूच्या गाठींत ही सगळ्यात कठीण. त्यातले 'आयडीएच' हे शब्द मी शिकत होते तेव्हा कुठल्याच रिपोर्टवर नसायचे. मी इथल्याच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत शिकले. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी कस्तुरबा रुग्णालयाला जोडून ते कॉलेज सुरू केलं. खादी घालायची, पहिले दिवस आश्रमात काढायचे, आणि प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायचं, असा रिवाज. आजूबाजूच्या गावांतले लोक हंगामाला ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करत आणि त्या बदल्यात त्यांना इथे कमी खर्चात उपचार मिळत. पॅथॉलॉजीच्या तासाला सर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी लावून देत आणि आम्ही पेशींचे आकार बघून गाठीचं नाव सांगत असू. नाव आणि ग्रेड सांगितली की रिपोर्ट पूर्ण. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूच्या गाठींचं वर्गीकरण बदललं आणि आकाराच्या जोडीला जनुकांतले बदलही रिपोर्टवर लिहिणं सुरू झालं. फुफींच्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या भागात आहे. मात्र तिथवर जायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आपण ज्यांनी विचार करतो, हातपाय हलवतो, माणसं ओळखतो, त्या मेंदूतल्या चेतापेशी एकदा तयार झाल्या की पुन्हा विभागत नाहीत. आणि कॅन्सर म्हणजे तर पेशींचं बेलगाम विभागत राहणं. मग जी पेशी विभागतच नाही तिच्यापासून ही गाठ येणार कशी? तपासणाऱ्यांचं लक्ष म्हणून मेंदूतल्या विभागू शकणाऱ्या पेशींकडे गेलं. चेतापेशींना आधार देणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशी असतात. ग्लिओब्लास्टोमा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. पण या दोन्ही प्रकारच्या पेशींची आई एकच, ती म्हणजे मेंदूतली मूळ पेशी. रिपोर्टवर किंवा बातमीत तुम्हाला 'न्यूरल स्टेम सेल' असं दिसेल, ती हीच.

मूळ पेशी काय करते ते स्वयंपाकघरात रोज बघायला मिळतं. रात्री दुधाला विरजण लावतो. सकाळी दही होतं, ते खातो, आणि एक चमचा उद्यासाठी बाजूला ठेवतो. मूळ पेशी अशीच विभागते. तिच्या दोन लेकींपैकी एक पुढे चेतापेशी किंवा ग्लिया होते, दुसरी विरजणासारखी मागे राहते. कुठल्या वेळी चेतापेशी करायच्या आणि कुठल्या वेळी ग्लिया, हेही जनुकं ठरवतात. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने यावरच काम केलं आहे. गर्भातल्या उंदरांच्या मेंदूच्या एका भागात एलएचएक्स-२ नावाचं एकच जनुक बंद केलं, तर जिथे चेतापेशी व्हायच्या तिथे ग्लिया होऊ लागतात, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. एवढ्या नाजूक हिशेबावर आपला मेंदू उभा राहतो.

जन्मानंतर मूळ पेशी बहुतेक जागांवरून नाहीशा होतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांच्या भिंतीलगत मात्र त्यांचा एक पातळ थर राहतो. आता विरजणाकडे परत या. वाटीभर दही बिघडलं तर टाकून देता येतं. विरजणच बिघडलं तर पुढचं रोजचं दही बिघडत जातं.

आणि ते बिघडतं कसं? पेशी विभागताना तिच्यातला सगळा मजकूर, म्हणजे डीएनए, उतरवून घ्यावा लागतो. सुमारे तीनशे कोटी अक्षरं, तीही आईकडची एक प्रत आणि बापाकडची एक. इतकं उतरवताना चुका होणारच. म्हणून पेशीत चुका पकडणारी व्यवस्था असते. रमजानमध्ये तरावीहला इमामसाहेब पढत असतात आणि मागे सामे हाफिज उभे असतात. कुठे अडखळलं की ते लुकमा देतात आणि पढणं दुरुस्त होतं. मिसाल फक्त समजण्यापुरती घ्या. पेशीतही असे सामे असतात, तीही जनुकंच. त्यांच्या नजरेतून एखादी चूक सुटते. बहुतेक सुटलेल्या चुकांनी काहीच बिघडत नाही. पण पन्नास वर्षांत एखादी चूक नेमकी नको त्या जनुकात होते.

नको ती जनुकं म्हणजे कुठली, हे आज बऱ्यापैकी ठाऊक आहे. पी-५३ आणि पीटेन ही ब्रेकसारखी आहेत, पेशीला थांबवणारी. ईजीएफआर हे ॲक्सिलरेटरसारखं. आणि एक टर्ट नावाचं. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, ती फारच झिजली की पेशी थांबते. टर्ट ही टोकं पुन्हा बांधतं. ते जास्त चालू राहिलं तर पेशीला थांबायचं कारणच उरत नाही. ब्रेक निकामी, ॲक्सिलरेटर दाबलेला आणि रस्त्याला शेवट नाही, असं तिन्ही एकाच मूळ पेशीच्या वंशात जमून आलं की गाठ होते.

हे खरंच माणसात घडतं का, याचा पुरावा दक्षिण कोरियातून आला. तिथल्या 'काइस्ट' या संस्थेतले जिओंग हो ली आणि त्यांच्या सोबत्यांनी २८ रुग्णांच्या बाबतीत एक साधी पण मेहनतीची गोष्ट केली. ऑपरेशनच्या वेळी गाठीचा तुकडा घेतला, गाठीपासून लांब असलेल्या त्या पोकळीच्या भिंतीचा वरवर निरोगी दिसणारा तुकडा घेतला आणि त्याच माणसाचं रक्तही घेतलं. तिन्हींचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचला. भाभींच्या शोहरांसारखी गाठ असलेल्या निम्म्याहून जास्त रुग्णांत गाठीतले काही मूळचे बदल त्या भिंतीतल्या थोड्याशा पेशींतही सापडले. गाठ एकीकडे आणि तिची सुरुवात दुसरीकडे. मग त्यांनी उंदरांच्या मेंदूत त्याच थरातल्या पेशींत हे बदल घडवून आणले. त्या पेशी तिथे थांबल्या नाहीत. सरकत लांब गेल्या आणि तिथे जाऊन गाठी केल्या. २०१८ मध्ये हे काम 'नेचर' या नियतकालिकात आलं. सगळ्याच मेंदूच्या गाठी या थरातून येतात असं नाही. काही पुढच्या टप्प्यावरच्या, अर्धवट घडलेल्या ग्लिया पेशींतूनही येतात.

फुफींच्या प्रश्नाचं उत्तर त्या तिसऱ्या नमुन्यात आहे, रक्तात. हे बदल रक्तात नव्हते. म्हणजे ते रुग्ण बदल घेऊन जन्मले नव्हते. आईबापाकडून आलेला बदल शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. रक्तात असतो, गालाच्या आतल्या कातडीत असतो, आणि बीजातही असतो, म्हणून तो मुलांकडे जाऊ शकतो. मेंदूतल्या एका मूळ पेशीत चाळिशी-पन्नाशीत कधीतरी झालेली चूक त्या पेशीच्या लेकीनातींतच राहते. तिला मेंदूतून बीजापर्यंत जायला वाटच नाही. त्या माणसाबरोबर ती संपते.

भाभी दोन दिवसांनी आल्या तेव्हा हे सगळं मी त्यांना विरजणाच्या मिसालीने सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्या अम्मींचाही काही कसूर नव्हता." माझ्या लक्षात आलं, की सासरी-माहेरी हा हिशेब वर्षभर चालूच होता. कुणी सासूच्या खानदानाकडे बोट दाखवलं होतं, कुणी भाभींच्या.

चचेऱ्यांच्या शादीचं जे बोललं गेलं, त्यात तर हिशेबच चुकलेला आहे. माणसाला जनुकं मिळतात ती त्याच्या आईबापाकडून. त्याने लग्न कुणाशी केलं यावरून त्याच्या स्वतःच्या डोक्यात काय होईल हे ठरत नाही. भाभी त्यांच्या चचेरी बहीण होत्या म्हणून त्यांना गाठ झाली, हे म्हणणं म्हणजे जावयामुळे सासऱ्याचे केस पिकले म्हणण्यासारखं आहे. (तेही म्हणणारे असतात.)

पण एवढ्यावर थांबले तर मीही अर्धंच सांगितलं असं होईल. शंभरातल्या पाचेक रुग्णांत मेंदूच्या गाठीमागे खरोखर जन्मतः आलेला बदल असतो. अशा घरांच्या खुणा असतात, आणि त्या ओळखणं हे डॉक्टरचं काम आहे. मी भाभींना एक तास बसवून तेच विचारलं. घरात कुणा बाईला पस्तिशीच्या आत छातीचा कॅन्सर झाला होता का? कुणा लहान मुलाला हाडाचा किंवा स्नायूचा कॅन्सर? हे विचारायचं कारण पी-५३ चा ब्रेक जन्मतःच अर्धा तुटलेला असेल तर एकाच घरात असे वेगवेगळे कॅन्सर लहान वयात दिसतात. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्राउमेनी या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९६९ मध्ये अशी चार घरं शोधून हे लिहिलं, आमचं कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी. मग विचारलं, कुणाच्या अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सहा-सात डाग आहेत का, त्वचेवर मऊ गाठी आहेत का? ती एनएफ-१ या जनुकाची खूण. लहानपणी आतड्यात मोड आलेलं कुणी?

सगळ्याला उत्तर 'नाही' आलं. त्यांचे शोहर त्यांच्या खानदानात कॅन्सर झालेले पहिलेच, तेही पन्नाशी ओलांडल्यावर.

खुणा नसताना मुलांना धोका वाढतो का? आकडा सांगते. पाश्चात्त्य देशांत ग्लिया पेशींच्या गाठी वर्षाला लाखात पाच-सहा लोकांना होतात. आईबाप किंवा भाऊबहिणीपैकी कुणाला झाली असेल तर हे प्रमाण सुमारे दुप्पट दिसतं. दुप्पट म्हणजे लाखात दहा-बारा. उरलेले नव्याण्णव हजार नऊशे नव्वदच्या आसपास लोक तसेच राहतात. यापेक्षा जास्त काळजी घरात साखरेची बीमारी असलेल्या रिश्त्याची करावी लागेल, आणि तशी कुणी केली तर वर्ध्यात एकही निकाह व्हायचा नाही.

आता एक गोष्ट, जी आपल्या घरांत बोलली जायलाच हवी. चचेऱ्या-ममेऱ्या शादीचा मेंदूच्या गाठीशी संबंध कधीच नसतो असं नाही. तरावीहची मिसाल पुन्हा घ्या. चुका पकडणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन सामे. एक प्रत खराब असली तरी दुसरी काम चालवून नेते, आणि बहुतेकांना आपल्याकडे एक खराब प्रत आहे हे कळतही नाही. आईबाप एकाच आजा-आजीचे नातू असतील तर तीच खराब प्रत दोघांकडे असण्याचा आणि मुलाला दोन्हीकडून मिळण्याचा संभव वाढतो. मग त्या मुलात सामेच नाही. चुका साचत जातात, फार वेगाने. अशा मुलांना शाळेच्या वयातच मेंदूची गाठ, रक्ताचा कॅन्सर किंवा आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, आणि अंगावर तेच चहाच्या रंगाचे डाग असतात. ही बीमारी दुर्मीळ आहे, पण जिथे नात्यातल्या शाद्या जास्त तिथे ती जास्त दिसते.

हे घाबरवायला लिहीत नाही. कळलं तर उपचार बदलतो म्हणून लिहिते. अशा गाठीवर नेहमीची टेमोझोलोमाइडची गोळी फारशी चालत नाही. उलट गाठीत इतक्या चुका साचलेल्या असतात, की शरीराची प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून ओळखू शकते, आणि तिला जागं करणारं औषध लागू पडतं. टोरंटोच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशाच एका घरातल्या दोन भावंडांची गाठ निव्होलुमॅब या औषधाने कमी झाल्याचं २०१६ मध्ये नोंदवलं. औषध महाग आहे. पण प्रश्न विचारलाच नाही तर ते कुणाला सुचणारही नाही. म्हणून मुलाला मेंदूची गाठ झाली असेल आणि तुम्ही दोघं नात्यातले असाल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतः सांगा. लपवू नका, शरमू नका. मुंबईत टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, तिथे रक्त तपासून घराला सल्ला देतात.

भाभींच्या तिन्ही मुलांनी विशी गाठली आहे. कुणाच्या अंगावर डाग नाहीत. मी तपासलं.

लहान मुलांच्या गाठीवरूनच आपल्याकडचं एक काम सांगायचं आहे. मुलांमध्ये मेंदूच्या कॅन्सरपैकी जास्त आढळणारी गाठ म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा. ती मागच्या छोट्या मेंदूत होते, जिथून तोल सांभाळला जातो. जन्माच्या आसपास तिथल्या बाळपेशी झपाट्याने विभागत असतात, आणि त्यांना थांबवणाऱ्या ब्रेकमध्ये चूक झाली की गाठ होते. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी बऱ्याचदा सारख्या दिसतात, पण जनुकांवरून त्यांचे चार गट पडतात. एका गटातली नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, दुसऱ्या एका गटात लढाई फार अवघड असते. गट कळला नाही तर सगळ्यांना सारखीच जबर सिकाई द्यावी लागते, आणि वाढत्या मेंदूवर तिचे परिणाम आयुष्यभर राहतात. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचंच 'ॲक्ट्रेक' हे संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने या चार गटांची ओळख पटवणारी चाचणी तयार केली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिचा मोठा गुण हा, की तिला ताजं मांस लागत नाही. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्या जुन्या तुकड्यावरही ती होते.

म्हणून एक कळकळीची विनंती. ऑपरेशननंतर रिपोर्टबरोबर 'ब्लॉक' मागून घ्या. बोटाच्या पेराएवढी मेणाची ठोकळी असते, प्लास्टिकच्या जाळीदार डबीत. पुढे दुसरीकडे दाखवायला गेलात तर पहिल्यांदा तीच मागतात. माणूस गेल्यावरही फेकू नका. वर्षांनी घरात दुसऱ्या कुणाला काही झालं तर जनुकं बघायला तीच कामी येते. फक्त टिनाच्या छताखाली किंवा खिडकीत ठेवू नका, वर्ध्याच्या मे महिन्यात मेण मऊ पडतं. गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा.

भाभींच्या घरी आणखी एक गोष्ट झाली होती, ती मी त्यांची परवानगी घेऊन लिहिते. शोहरांना पहिला झटका आला तो एका शुक्रवारी, दुपारी. डोळे फिरले, हात आखडला, तोंडातून फेस. कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातात चमचा घातला, त्यात एक दात गेला. मग कुणी म्हणालं असर आहे, आणि दोन महिने एका आमिलाकडे चकरा झाल्या. दुआ जरूर करावी, तिला कोण नाही म्हणेल. पण पन्नाशीच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा झटका आला तर त्याच आठवड्यात डोक्याचा एमआरआय झाला पाहिजे. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी बोलवा. मुलांमध्ये सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होणं आणि उलटीनंतर बरं वाटणं, चालताना झोक जाणं, मान एका बाजूला कलती ठेवणं, या खुणा बघा. असं एक पोर मी स्वतः नव्या नव्या डॉक्टरकीत ॲसिडिटी समजून पंधरा दिवस पातळ औषधावर ठेवलं होतं. ते मी विसरलेले नाही.

दोन महिने वाया गेले नसते तर ते वाचले असते का, हे भाभींनी विचारलं. खरं सांगितलं. या गाठीवर आज जो उपचार आहे तो २००५ पासूनचा, सिकाईबरोबर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. त्याने निम्मे रुग्ण सुमारे साडेचौदा महिन्यांच्या पुढे जातात, नुसत्या सिकाईने बारा महिन्यांच्या. दर चौघांत एक जण दोन वर्षांपुढे जातो. गाठ काढली तरी ती परत का येते याचं एक कारण वर आलंच आहे, विरजण मागे राहतं. टोरंटोचे पीटर डर्क्स यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं, की माणसाच्या गाठीतल्या मूळ पेशींसारख्या फक्त शंभर पेशींनी उंदरात पुन्हा तशीच गाठ उभी राहिली, आणि इतर पेशी एक लाख घातल्या तरी राहिली नाही. म्हणून दोन महिन्यांनी फार फरक पडला नसता. पण ते दोन महिने त्यांनी झटक्यांच्या औषधाविना काढले, तेवढं तरी टळलं असतं.

खर्चाबद्दल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, सिकाई आणि किमो बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे ऑपरेशनच्या आधी जायचं, नंतर नाही. मुंबईला जायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाच्या रुग्णांना आणि सोबतच्यांना तिथे राहता येतं.

आणि मोबाइल? दर वेळी कुणीतरी विचारतंच. डोक्यावर लहानपणी जास्त एक्स-रेसारखी किरणं पडली तर पुढे गाठींचं प्रमाण वाढतं, हे पक्कं आहे. मोबाइलने वाढतं असं इतक्या वर्षांच्या तपासात सिद्ध झालेलं नाही. मुलांच्या हातातून तो काढून घ्यायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत.

चिठ्ठी मी शेवटी लिहिली. 'मुलगी तंदुरुस्त आहे' असं एका ओळीत नाही, अर्धा पान. वडिलांच्या गाठीचं नाव, त्यांचं वय, घरात दुसऱ्या कुणाला कॅन्सर नाही, वंशाने येणाऱ्या आजाराची कुठलीही खूण तपासणीत आढळली नाही, आणि या माहितीवरून मुलीला वेगळ्या तपासण्यांची गरज नाही. खाली सही, शिक्का, आणि माझा फोन नंबर, फुफींना काही विचारायचं असेल तर. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. बाई हुशार निघाल्या. पहिला प्रश्न त्यांनी रक्ताबद्दल विचारला, दुसरा मुलांच्या अंगावरच्या डागांबद्दल, आणि तिसरा स्वतःच्या भाच्याबद्दल, ज्याला अधूनमधून चक्कर येते. त्याला घेऊन यायला सांगितलंय.

मेणाची ती ठोकळी भाभींनी निकाहनाम्याच्या फाइलबरोबर कपाटात ठेवली आहे. रिश्त्याचं उत्तर हे लिहीपर्यंत आलेलं नाही.